सटाण्याचा तंबू

मुंबईच्या माणसाला "मी सटाण्याचा" म्हटले की तो हमखास विचारतो, "म्हणजे साताऱ्याचे का?" पहिली दहा वर्षे मी ही दुरुस्ती मोठ्या निष्ठेने करीत असे. सातारा वेगळा, सटाणा वेगळा. सटाणा नाशिक जिल्ह्यातला, बागलाण तालुक्याचे मुख्य ठिकाण, आरम नदीच्या काठी. पुढे कंटाळलो आणि "हो, तिकडचाच" म्हणून मोकळा होऊ लागलो. अलीकडे एवढे बरे झाले आहे की, हा खुलासा फळवाल्यासमोर करायची वेळ आली तर डाळिंबाकडे बोट दाखवता येते. बागलाणचे डाळिंब पुष्कळांना ठाऊक असते. फळाच्या आधाराने का होईना, गाव नकाशावर आले.

मी गाव सोडले 1976 साली आणि नीट असा परत गेलो तो गेल्या मार्गशीर्षात. मधल्या काळात गेलोच नाही असे नाही. आई होती तोवर वर्षा-दोन वर्षांनी खेप होत असे. पण एसटी स्टँडवर उतरायचे, मागच्या गल्लीने घरी जायचे आणि दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीने नाशिक गाठायचे, असा माझा शिरस्ता होता. आई म्हणे, "अरे, बाजारपेठेतून एक चक्कर तरी मार." मी काहीतरी सबब सांगत असे. बाजारपेठेत एका शिंप्याचे दुकान आहे. ते मला चुकवायचे होते.

तर वाचकहो, गेल्या कार्तिकात एका अनोळखी नंबरावरून फोन आला. "काका, मी सटाण्याहून बोलते," आवाज बाईचा होता. तिने वडिलांचे नाव सांगितले आणि मी उभा होतो तो खाली बसलो. माझा हा मित्र 2021 साली करोनाच्या दुसऱ्या लाटेत गेला होता. "बाबांची ट्रंक उघडली," ती सांगत होती, "तर त्यात तुमचे अंक सापडले. आठ आहेत. यात्रेला याल का? सगळे काका येणार आहेत." मी विचारले, "सगळे?" ती म्हणाली, "हो. सगळे."

अंक म्हणजे कसले, हे सांगायला हवे. आम्ही पाचजण होतो. नावे मी इथे घालणार नाही. त्याचे कारण पुढे येईल. आम्ही एकमेकांना ज्या धंद्याच्या नावाने आज ओळखतो तीच वापरतो: मास्तर, कंपाउंडर, बागाईतदार, शिंपी आणि मी. 1973 साली यातला कुणीच ते नव्हता. कुणी दहावीत, कुणी अकरावीत, कुणी नापास. समान धागा एकच, सिनेमा. त्या ओढीपायी आम्ही एक हस्तलिखित मासिक काढले. मासिक म्हणायचे, पण ते वर्षातून तीनदा निघाले तर नशीब. त्याचे नाव एका नटीच्या नावावरून ठेवले होते. ते आज छापले तर माझी नातवंडे मला जगू देणार नाहीत. फुलस्केप कागद, मध्ये दोरा ओवलेला, वर शिंप्याने रंगवलेले मुखपृष्ठ. अंक तयार झाला की तो गावच्या वाचनालयात टेबलावर ठेवला जाई आणि वाचकाने शेवटच्या पानावर अभिप्राय लिहावा अशी विनंती असे. एक कायमचा अभिप्राय असायचा: "अभ्यास करा." हस्ताक्षर माझ्या वडिलांचे.

हस्तलिखिताचा आत्मा म्हणजे हस्ताक्षर, आणि ते होते कंपाउंडरचे. सगळा अंक तो एकटा उतरवून काढायचा. अक्षर असे की ओळ आखल्यावाचून सरळ जाई. हा माणूस पुढे जन्मभर डॉक्टरांच्या चिठ्ठ्या वाचण्यात खर्ची पडला, यासारखा दैवदुर्विलास दुसरा नाही! मास्तर संपादकीय लिहायचा आणि त्यात "अस्मिता" हा शब्द किमान चारदा यायचा. बागाईतदार अहिराणीत विनोद लिहायचा. आमच्याकडची घरची बोली ती. "माझा" नाही, "मना". "तुझा" नाही, "तुना". "आहे" नाही, "शे". शाळेत अहिराणीत बोलले की छडी मिळे, त्यामुळे ती छान अक्षरात कागदावर उतरलेली पाहून गावातल्या मोठ्या माणसांनाही गुदगुल्या होत. अंक उघडला की लोक आधी त्याचे पान शोधत. हे मास्तरला शेवटपर्यंत पचले नाही.

मी आणि शिंपी, आम्ही दोघे सिनेमावर लिहीत असू.

आता जरा गावाकडे वळतो. नाशिकहून सटाणा नव्वदएक किलोमीटर. आग्रा रस्ता सोडून गाडी देवळ्याच्या दिशेला वळली की डोंगर जवळ येऊ लागतात आणि भावडबारीचा घाट उतरला की मला तरी हवा बदललेली कळते. घाट कसला, कोकणच्या माणसाने हसावे एवढाच. पण लहानपणी आम्हाला तो जगाचा दरवाजा वाटायचा. घाटापलीकडे नाशिक, मुंबई आणि सिनेमातल्या नट्या. घाटाअलीकडे बागलाण: कांद्याच्या चाळी, डाळिंबाच्या बागा, मार्गशीर्षातली हाडे गोठवणारी थंडी आणि वायव्येला साल्हेर-मुल्हेरचे किल्ले. साल्हेर 1567 मीटर उंच, कळसूबाईखालोखाल महाराष्ट्रात दुसरा. 1672 साली त्याच्या पायथ्याशी मराठ्यांनी मोगलांना उघड्या मैदानात हरवले. 2025 च्या जुलैत युनेस्कोने मराठा लष्करी भूप्रदेश म्हणून जे बारा किल्ले जागतिक वारशात घेतले त्यात साल्हेरही आहे. बागाईतदार म्हणतो, "आम्हाला ते आधीपासून ठाऊक होतं, युनेस्कोला उशीर झाला."

पण सटाण्याचे खरे दैवत किल्ल्यावरचे नाही; ते कचेरीतले. यशवंतराव महादेव भोसेकर हे इथे मामलेदार होते. 1870-71 च्या दुष्काळात माणसे अन्नावाचून मरू लागली, तेव्हा या गृहस्थाने सरकारी खजिना उघडला आणि पैसे वाटून टाकले. सव्वा लाखाच्या वर रक्कम सांगतात. मग तपासणी झाली आणि खजिना होता तसा भरलेला निघाला, अशी आख्यायिका आहे. आख्यायिकेवर ज्याने त्याने आपल्या मगदुराप्रमाणे विश्वास ठेवावा. माझे वडील त्याच खात्यात कारकून होते आणि हिशेबात चार आणे कमी पडले तरी रात्री झोपत नसत. त्यांचा या चमत्कारावर विश्वास नव्हता, पण खजिना उघडणाऱ्यावर अपार भक्ती होती. "शिल्लक जुळली हा चमत्कार नाही," ते म्हणत, "सही करायचा हात थरथरला नाही, हा चमत्कार." भोसेकर 1887 साली नाशिकला वारले. सरकारी अधिकाऱ्याला लोकांनी देव केले, देवळात बसवले, देवमामलेदार म्हटले. अशी उदाहरणे आपल्या देशात मोजकीच असतील. त्यांच्या पुण्यतिथीला, मार्गशीर्ष वद्य एकादशीला, सटाण्यात रथ निघतो आणि पुढे कित्येक दिवस यात्रा भरते.

यात्रा म्हणजे आमच्या लेखी तंबू. तंबू म्हणजे टुरिंग टॉकीज. ज्यांनी तो पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. दुपारी एक ट्रक यायचा. त्यातच प्रोजेक्टर, त्यातच रिळांचे पत्र्याचे डबे, त्यातच जनरेटर आणि स्वयंपाकाची भांडी. तासाभरात बांबू रोवले जात, कनाती ताणल्या जात, मधोमध पांढरा पडदा उभा राही. दिवेलागणीला भोंग्यावर गाणी सुरू झाली की गावाला कळे, आज खेळ आहे. आत खुर्ची नाही, बाक नाही. जमिनीवर पोती टाकून बसायचे. पुरुष एका बाजूला, बायका एका बाजूला. प्रोजेक्टरमध्ये दिवा नव्हे, कार्बनच्या दोन कांड्या जळत. ऑपरेटरने त्या वेळेवर पुढे सरकवल्या नाहीत तर नायिका हळूहळू काळोखात बुडू लागे आणि तंबूभर शिट्ट्या सुरू होत. रीळ तुटले की शिट्ट्या, जोडले की शिट्ट्या. "सोंगाड्या" आम्ही असा पाहिला, "पिंजरा" असा पाहिला. पुढे मुंबईत वातानुकूलित थिएटरात "पिंजरा" पुन्हा पाहिला, पण कुणी शिट्टी मारली नाही आणि मला सिनेमा अर्धाच वाटला.

पडदा कापडाचा आणि विरळ. त्यामुळे चित्र पलीकडूनही दिसे, फक्त उलटे. गर्दी फार झाली की मालक काही लोकांना पडद्याच्या मागे, कमी पैशांत बसू देई. मागून नायक डावखुरा दिसायचा, पाट्यांवरची अक्षरे आरशातल्यासारखी उलटी दिसायची. शिंपी नेहमी मागे बसायचा. त्याचे वडील रस्त्याच्या कडेला मशीन घेऊन बसत, आणि 1972 च्या दुष्काळानंतरच्या त्या वर्षांत नवे कपडे शिवून घेणारे होते किती? माझ्या वडिलांचा पगार पहिल्या तारखेला यायचा. मी पुढे बसायचो. खेळ सुटला की नदीच्या पुलाकडे चालत जाताना आम्ही दोघे सिनेमा जुळवत असू. मी उजवीकडून, तो डावीकडून.

आठव्या अंकात आम्ही दोघांनी मिळून एक लेख लिहिला, 1975 च्या यात्रेतल्या तंबूवर. अर्धा माझा, पुढून पाहिलेला. अर्धा त्याचा, मागून पाहिलेला. दोधेश्वरला महादेवाच्या देवळाजवळ पाचहीजण भाकऱ्या बांधून गेलो होतो, तिथे बसून तो पुरा केला. कंपाउंडरने तो लगेच उतरवून काढला. चांगला जमला होता. इतका की मला मोह झाला.

मी तो उतरवून मुंबईच्या एका साप्ताहिकाला पाठवला. खाली नाव माझे एकट्याचे. का, याचे उत्तर एकोणीस वर्षांच्या पोराकडे नव्हते आणि अडुसष्ट वर्षांच्या म्हाताऱ्याकडेही नाही. दोन नावे विचित्र दिसतील, असे मी स्वतःला सांगितले. पुढे आणखी एक केले: दोघांनी लिहिल्याचे उघड होईल अशी जागा लेखात जिथे होती तिथे कात्री लावली. चार महिन्यांनी लेख छापून आला. साप्ताहिक वाचनालयात येत असे. त्या दिवशी चौघांनीही ते वाचले. मास्तर भांडला, बागाईतदाराने अहिराणीत शिव्या घातल्या, कंपाउंडर रडला. शिंपी काहीच बोलला नाही. त्याने वाचून साप्ताहिक घडी घालून जागेवर ठेवले आणि तो दुकानाकडे गेला. महिन्याभरात, त्या छापील कात्रणाच्या जोरावर, मला मुंबईला एका कचेरीत चिकटायला मिळाले. नववा अंक निघाला नाही.

माझे लग्न 1982 साली मुंबईत झाले. सटाण्याला पत्रिका पाठवल्या, शिंप्यालाही पाठवली, धैर्य एवढेच. लग्नाच्या आदल्या दिवशी एसटीच्या पार्सलने एक पुडके आले. आत सफारी सूट. चिठ्ठी नाही, नाव नाही. घालून पाहिला, तर टाचणी लावायला जागा नाही असा अंगावर बसला. माझे माप त्याच्या वहीत होते, ते सहा वर्षांपूर्वीचे. मधल्या काळात मुंबईच्या खानावळींनी अंगावर किती मांस चढवले असेल याचा अंदाज त्याने सटाण्यात बसून केला होता. लग्नाच्या सगळ्या फोटोंत मी त्या सुटात आहे. आभाराचे पत्र मी चारदा लिहिले आणि चारदा फाडले.

अशी पार्श्वभूमी असताना यात्रेला जायचे, म्हणजे पाय जड होणारच. बायको म्हणाली, "पन्नास वर्षं होत आली. तो विसरला असेल." मी म्हटले, "तो माप विसरत नाही."

स्टँडवर बागाईतदार उभा होता. "वना का रे भो!" म्हणून त्याने हाक मारली आणि मला मिठीत घेतले. वना, म्हणजे आला. या एका शब्दात माझी पुढची दोन भाषणे वाया गेली. त्याच्या जीपमधून आम्ही रथ पाहायला गेलो. माणसांची ही गर्दी! रेवड्या, गोडी शेव, पाळणे, मौत का कुआँ, सगळे होते. तंबू नव्हता. टुरिंग टॉकीजचा धंदा आता जवळजवळ मोडला. शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांनी महाराष्ट्रातल्या या फिरत्या तंबूंवर "द सिनेमा ट्रॅव्हलर्स" नावाचा माहितीपट केला, त्याला 2016 साली कान महोत्सवात गौरवही मिळाला. तंबूला कानला जावे लागले. सटाण्याला त्याची जागा पाळण्याने घेतली.

मास्तर देवळाच्या पायरीशी भेटला. निवृत्त होऊन दहा वर्षे झाली, तरी बोलण्याआधी घसा खाकरायची सवय तशीच. कंपाउंडरची लेक आठही अंक पिशवीत घालून आली होती. कागद पिवळा पडला होता, शाई मात्र काळीच्या काळी. तिने विचारले, "काका, बाबांच्या लग्नात मंगलाष्टकं तुम्ही सिनेमाच्या चालीवर म्हटली होती, हे खरं?" खरे होते. मी हजर नव्हतो, पण मास्तरने मला कळवले होते. मुंबईला गेल्यावरही मास्तरचे वर्षाला एक पोस्टकार्ड येई आणि त्यात चौघांचे सगळे असे: कुणाला मुलगा झाला, कुणाची नोकरी पक्की झाली, बागाईतदाराची बाग तेल्या रोगाने कशी गेली आणि त्याने ती उपटून पुन्हा कशी लावली. साल कधीच नसायचे. "शोले तालुक्याला आला त्या सुमारास", "दादा कोंडक्यांचा नवा आला त्या हप्त्यात", असा काळ मोजलेला. शिंप्याबद्दल एकच वाक्य: "शिंपी बरा आहे." दरसाल तेच. त्याचा अर्थ लावण्यात माझी बरीच वर्षे गेली.

रात्री जेवायला बागाईतदाराच्या मळ्यावर जमायचे ठरले होते. बाजरीची भाकरी, वांग्याचे भरीत, मिरचीचा ठेचा. शेकोटी पेटली होती. शिंपी आधीच येऊन बसला होता. केस पांढरे, चष्म्याची दोरी गळ्यात, बाकी तोच. मी वाकून नमस्कार करावा की हात पुढे करावा, या गोंधळात उभा राहिलो. तो म्हणाला, "बस. भाकरी गार होते." मी बसलो.

जेवण झाल्यावर बागाईतदाराच्या नातवाने भिंतीवर चादर लावली, एक लहानसे यंत्र फोनला जोडले आणि म्हणाला, "आजोबा, तुमच्यासाठी पिक्चर ठेवलाय. आपल्या मालेगावचा." तो होता "सुपरबॉईज ऑफ मालेगाव", रीमा कागती दिग्दर्शित, वरुण ग्रोव्हरने लिहिलेला, 2025 च्या फेब्रुवारीत प्रदर्शित झालेला.

मालेगाव आम्हाला परके नाही. आमच्या बागलाणातून वाहणारी मोसम नदी मालेगावाशी गिरणेला मिळते. आरमही गिरणेतच जाते. पाणी एकच. यंत्रमागाचे गाव, शुक्रवारी माग बंद आणि सिनेमाला गर्दी. त्या गावात नासिर शेख नावाचा एक तरुण व्हिडिओ पार्लर चालवी. त्याने आपल्या दोस्तांना जमवले आणि 2000 साली "मालेगाव के शोले" काढला. नट कोण, तर गल्लीतली पोरे आणि यंत्रमागावरचे कामगार. ट्रॉली म्हणून सायकल, क्रेन म्हणून बैलगाडी! नाशिक जिल्ह्याला हे वेड नवे नाही. दादासाहेब फाळके त्र्यंबकेश्वरचेच. पण फाळक्यांपुढे एक स्वप्न होते, या पोरांपुढे आधीच कुणीतरी पाहिलेले स्वप्न होते आणि ते त्यांना आपल्या मापाने उसवून पुन्हा शिवायचे होते. पडद्यावर लोकांनी स्वतःची बोली ऐकली, स्वतःचा गल्लीबोळ पाहिला आणि मालेगाव हसून लोळले.

पुढे त्यांनी "मालेगाव का सुपरमॅन" हाती घेतला, तेव्हा फैझा अहमद खान ही दिग्दर्शिका कॅमेरा घेऊन त्यांच्यामागे राहिली. तिचा "सुपरमेन ऑफ मालेगाव" हा माहितीपट 2008 चा. तो मी मुंबईत पाहिला होता. त्यातला सुपरमॅन म्हणजे शफीक शेख, मागावर काम करणारा काडीपैलवान. चित्रीकरणाच्या मधेच त्याचे लग्न होते, आणि लग्न आटोपून सुपरमॅन पुन्हा उडायला हजर. एकदा तर त्यांचा एकुलता कॅमेरा पाण्यात पडतो. मला त्या प्रसंगात पडद्याकडे पाहवले नाही; आमच्या तिसऱ्या अंकावर बागाईतदाराने चहा सांडला होता, तेव्हा कंपाउंडरचे तोंड असेच झाले होते. फरोग जाफरी हा त्या मंडळींतला लेखक, अक्रम खान हाही त्यांच्यातलाच. आणि शफीक पुढे कर्करोगाने गेला, 2011 साली. भारतातल्या थिएटरांत तो माहितीपट लागलेला पाहायला तो राहिला नाही.

हा नवा सिनेमा याच खऱ्या माणसांवर बेतलेला, पण कथापट आहे. त्यात पुष्कळ कल्पनेचे असणार. त्यात एके ठिकाणी दिग्दर्शक आणि लेखक यांचे बिनसते. लेखकाला वाटते, शब्द माझे आणि नाव कुणाचे? तो रागावून मुंबईला निघून जातो. हे चादरीवर सुरू झाले आणि शेकोटीभोवतालची बडबड थांबली. मास्तरने घसा खाकरला नाही. बागाईतदाराने नातवाकडे असे पाहिले की पोराला वाटले, आपण काही चूक केली. मी शेकोटीकडे बघत बसलो. आमच्यात आणि त्यांच्यात फरक एवढाच होता की, त्यांच्यातला ज्याच्यावर अन्याय झाला तो मुंबईला गेला. आमच्यातला ज्याने केला तो.

पुढे सिनेमात आजारी मित्रासाठी सगळे पुन्हा एकत्र येतात. कंपाउंडरची लेक पदराने डोळे पुसत होती. आम्ही तिच्या बापासाठी एकत्र आलो होतो. फक्त तो जाऊन चार वर्षे उलटल्यावर.

सिनेमा संपला. चादर पांढरी झाली. मी सगळ्यांसमोरच म्हणालो, "मला एक बोलायचं आहे. तो लेख..."

"ठाऊक आहे," शिंपी म्हणाला.

"नाव घालायला हवं होतं तुझं. मी चोरी केली."

तो बराच वेळ निखारे काडीने हलवत राहिला. मग म्हणाला, "नावाचं दुःख झालं. खोटं कशाला बोलू? वर्षभर झालं. मग दुकान वाढलं, पोरं झाली, गेलं ते. पण तू माझं एक वाक्य गाळलंस, ते आजवर सलतं."

मी गप्प राहिलो. तो वळून कंपाउंडरच्या लेकीला म्हणाला, "बेटा, आठवा दे." तिने अंक दिला. त्याने चष्मा नाकावर घेतला, पान बरोबर उघडले आणि वाचले: "पुढे बसणाऱ्यांना सिनेमाचे नाव वाचता येते, आम्हा मागच्यांना नुसता सिनेमा दिसतो."

"हे होतं म्हणून बाकीचं लिहिलं होतं मी," तो म्हणाला. "बाकीचं तू छापलंस. पडदा मागून कसा दिसतो, नायक डावखुरा, अक्षरं उलटी, सगळं छापलंस. पण तू मागे कधी बसलाच नव्हतास. ते वाक्य ठेवलं असतंस तर वाचणाऱ्याला कळलं असतं, हे दुसऱ्या कुणाचं आहे. नाव नसतं तरी चाललं असतं."

माझ्यापाशी उत्तर नव्हते. मास्तर काहीतरी बोलणार, तेवढ्यात बागाईतदार म्हणाला, "मास्तर, अस्मिता नको," आणि मास्तरसकट सगळे हसले. शिंपीही हसला. हसला म्हणजे सगळे निवळले, असे मी म्हणणार नाही. पन्नास वर्षांची गाठ एका रात्रीत सुटत नाही. निदान दोरा कुठे अडकला होता एवढे मला दिसले.

नंतर आम्ही आठवा अंक चाळला. शेवटच्या पानावर अभिप्राय होते. वडिलांचे "अभ्यास करा" होते. त्याखाली आणखी एक ओळ होती, ती मी कधी पाहिली नव्हती, कारण तोवर मी गाव सोडले होते. कंपाउंडरच्या त्या सरळ अक्षरात: "नववा अंक काढायचा आहे. कागद आणून ठेवला आहे." आणि ट्रंकेत खरोखरच कोऱ्या फुलस्केपचा दस्ता होता, लेकीने तोही आणला होता. कडा तांबूस झालेल्या. कुणी काही बोलले नाही. शिंप्याने तो दस्ता हातात घेतला, कापड पाहावे तसा बोटांत चोळून पाहिला आणि म्हणाला, "अजून टिकेल."

निघताना मी त्याला विचारले, "हे सगळं लिहू का? दिवाळी अंकासाठी मागितलंय. या खेपेस नावं घालतो. तुझं आधी."

"नको," तो म्हणाला. "लिही, पण नावं कुणाचीच नको. इथे मला शिंपी म्हणूनच ओळखतात. माझं वाक्य तेवढं घाल. होतं तसं. पुढेमागे करू नकोस."

मी ते घातले आहे, होते तसे. नववा अंक होळीपर्यंत पुरा करायचे ठरले आणि होळी गेली तरी झाला नाही. त्या बाबतीत आम्ही पूर्वीसारखेच आहोत. मास्तरचे संपादकीय तेवढे तयार आहे. अहिराणीचे पान बागाईतदार फोनवर सांगतो आणि नातू टिपून घेतो. अक्षराचा प्रश्न होता, तो कंपाउंडरच्या लेकीने सोडवला. तिचे अक्षर बापासारखेच आहे, फक्त ओळ किंचित वर चढते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बाजारपेठेतून गेलो, भर उजेडी. दुकानात त्याचा मुलगा मशीनवर होता. शिंपी बाहेर आला, मला आपादमस्तक न्याहाळले, काही न विचारता गळ्यातली फीत काढली आणि माझ्या पोटाभोवती टाकली. "एक्केचाळीस," त्याने मुलाला आत सांगितले. मुलाने ते वहीत लिहिले. बागाईतदाराने डाळिंबाचे खोके गाडीच्या टपावर चढवले होते. कंडक्टर त्याचे भाडे वेगळे मागू लागला, आणि दोघांचे अहिराणीत जे काही झाले ते ऐकत ऐकत माझी नाशिकची गाडी सुटली.